चवीपुरत्या तिसऱ्या

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातलंही एक वर्ष मास्तरांच्या आणि माझ्या भांडणात गेलं. पण होडी मी चाळीस वर्षं चालवली. खाडीच्या तोंडाशी वाळू यंदा कुठे सरकलीय, हे नुसत्या पाण्याच्या रंगावरून सांगायचो. गावात अजून नवी होडी पाण्यात घालताना मला बोलावतात. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की म्हाताऱ्याला पाण्यातलं काही कळत नव्हतं.

दोन हजार पाच साली मी मुलाकडे अमेरिकेत, रेडमंडला होतो. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत. घरात चार महिने मी नुसता शिकत होतो. कुठला कचरा कुठल्या डब्यात, भांडी मशीनमध्ये कुठल्या तोंडानं, नळ कुठल्या बाजूला फिरवला की अंग भाजतं. माझ्याकडून कुणी काही शिकावं असा प्रसंगच येईना. सूनबाईला एकदा वादळातली गोष्ट सांगायला घेतली, तर तिला मीटिंग होती.

तेव्हा ऑगस्टात मुलानं सांगितलं, "बाबा, या वीकेंडला कॅम्पिंग. समुद्राकाठी. माझे ऑफिसातले दोन मित्र आणि त्यांच्या बायका." एक मित्र पुण्याचा, एक नागपूरचा. पुण्याच्याला पोहता येत नव्हतं आणि नागपूरच्यानं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. मी म्हटलं, चला, आता या पोरांना काहीतरी शिकवता येईल.

शनिवारी सकाळी पोचलो. त्यांनी भाड्यानं होडी घेतली होती. होडी कसली, शेवग्याची शेंग उभी चिरावी तशी. अंगावर फुगीर जॅकेट घालायचा नियम होता. मी नाही म्हटलं. मुलगा म्हणाला, "बाबा, नियम आहे." मी म्हटलं, "नियम बुडणाऱ्यांना." शेवटी घातलं, पण तोंड वाकडं करूनच.

आमच्या खाडीत उथळ पाण्यात होडी उभं राहून बांबूनं ढकलतात. बसून वल्हं मारतो तो पाहुणा. मी किनाऱ्यापासून दोन हात आत गेलो आणि सवयीनं उभा राहिलो. पुढचं मला आठवत नाही, कारण फार वेळ लागला नाही. बर्फासारखं पाणी. जॅकेटनं मला उलथापालथा करून वर आणलं. मी बोयासारखा तरंगत राहिलो आणि काठावर सगळे हसत होते.

"काका, एकदम हिरो एन्ट्री, यार!" नागपूरचा ओरडला. त्यानं फोटोही काढला.

त्यांचं हसणं मी सोडून दिलं. मुलगाही हसत होता, ते मात्र दिसलं.

कपडे बदलून मी एकटाच काठानं चालत निघालो. अमावास्या नुकतीच झाली होती. आमच्याकडे अमावास्येला दुपारी बाराला भरती असते, तिथीवरून पोरगंही सांगेल. इथे बारा वाजायला आले आणि पाणी पार लांब गेलेलं, मैलभर चिखल उघडा. मला हसू आलं. म्हटलं, या देशात गाड्या उलट्या बाजूनं चालतात, तसा समुद्रही चालतो. खरं तर तिथेच ओळखायला हवं होतं की हा समुद्र आपल्या ओळखीचा नाही. पण मला वाटलं, चूक समुद्राचीच आहे.

आणि चिखलात भोकं दिसली. तिसऱ्यांची भोकं मी झोपेत ओळखीन. बोटं घातली, तर चांगल्या मुठीएवढ्या शिंपल्या. आमच्याकडे बायका दिवसभर ओणव्या राहून टोपलीभर काढतात, इथे अर्ध्या तासात बादली भरली. एकही माणूस शोधत नव्हता. मी मनात म्हटलं, एवढा मोठा देश, पण खायची अक्कल नाही.

वाटेवर लाकडी खांबाला एक बोर्ड होता. त्यावर लाल अक्षरं होती. इंग्रजी अक्षरं मी एकेक ओळखतो, पण ती एकमेकांना धरून उभी राहिली की माझं काही चालत नाही. बोर्डासमोर मी थांबलो होतो, हे कबूल करतो. मुलगा तिथून हाकेवर होता, तंबूच्या दोऱ्या ओढत होता. हाक मारावी असं वाटलं. पण सकाळचं हसणं अजून कानात होतं. म्हटलं, लिहिलं असेल कुत्रे सोडू नका.

बादली बघितल्यावर सगळ्यांची तोंडं बदलली.

"काका, हे तुम्ही काढलंत? हातानं?" पुण्याचा म्हणाला.

"मग काय पायानं?"

मी एकेक तिसरी दगडावर ठोकून बघितली. ठोकल्यावर तोंड मिटते ती जिवंत. उघडी राहील ती फेकायची. दोन तास खाऱ्या पाण्यात ठेवून वाळू ओकायला लावली. सगळे भोवती बसून बघत होते. मी शिकवत होतो. चार महिन्यांत पहिल्यांदा माझा आवाज माझ्यासारखा लागला.

सूनबाईनं गॅसच्या छोट्या शेगडीवर टोप ठेवला आणि ती कांदा चिरायला बसली. डब्यात मालवणी मसाला होता, खोबरं होतं, आमसुलं होती. स्वयंपाक मी केला, कुणाला हात लावू दिला नाही. मसाला जरा सढळ पडला. होडीवर जेवण मीच रांधायचो. चव न घेता टोप उतरवणारा आचारी मी पाहिलेला नाही.

ताटं मांडली होती. तेवढ्यात रेंजर आली. टोपी घातलेली, खाकी कपड्यातली, माझ्या मुलाच्या वयाची बाई. खाकी कपडा बघताच तिन्ही नवरे उभे राहिले. तिघांची ग्रीन कार्डं अडकलेली. एरवी ही मंडळी रस्त्यावर पोलिसाची गाडी दिसली तरी सरळ बसतात. ती शिंपल्या काढायच्या लायसन्सबद्दल बोलत असावी, कारण मुलाचा चेहरा उतरला. मग तिनं टोपात डोकावलं आणि तिचा चेहरा उतरला.

मुलानं मराठीत सांगितलं तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. "बाबा, या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांत विष आहे. समुद्रात काहीतरी वाढतं, ते या खातात. शिजवून जात नाही. बघून, ठोकून कळत नाही. आधी ओठांना मुंग्या येतात, मग जीभ जड, मग श्वास. तिकडे बोर्ड लावलाय."

रेंजरनं सगळ्यांकडे बघून विचारलं. भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला. कुणी खाल्लंय का? सगळ्यांनी माना हलवल्या आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"बाबा, तुम्ही?"

"छे," मी म्हटलं. "सगळ्यांच्या आधी जेवायची आमच्याकडे पद्धत नाही."

टोप काळ्या पिशवीत गेला. रेंजरनं गाठ मारली. त्या रश्शाला काय वास सुटला होता, काय सांगू.

मी खुर्चीत जाऊन बसलो आणि ओठ दाबून बघितले. मुंग्या होत्या.

आता प्रश्न असा, की मसाला मी सढळ घातला होता. तिखटानं ओठ चुरचुरतात, ते जन्मभर चुरचुरत आले. पण तिखटाचं चुरचुरणं कसं असतं याकडे मी सत्तर वर्षांत कधी लक्ष दिलं नव्हतं. जिभेनं चाचपून बघितलं. दातांनी चावून बघितलं. चावल्यामुळे आणखी चुरचुरायला लागलं. मरायची भीती होती की नाही, असं कुणी विचारलं तर नव्हती असं मी सांगेन. पण होती. आणि सांगून टाकायची त्याहून जास्त होती. सकाळी पाण्यात पडलो, दुपारी सगळ्यांना विष रांधलं, आणि वर खोटं बोललो. एका दिवसात तीन गोष्टी माणसानं किती कबूल कराव्या?

सूनबाई तंबूमागे रेंजरशी काहीतरी बोलून आली. मुलगा किल्ली वाजवत म्हणाला, "बाबा, चला, गावातून बर्फ आणू."

"तुम्ही जा."

"चला हो. तुमच्याशिवाय कंटाळा येतो."

असं तो पंचवीस वर्षांत बोलला नव्हता. मी गाडीत बसलो. सूनबाई मागच्या सीटवर, माझ्या खांद्यामागेच.

गाडी सुरू होते न होते तोच ती म्हणाली, "बाबा, ती वादळाची गोष्ट सांगा ना. त्या दिवशी अर्धी राहिली."

मला आधी खरं वाटेना. पण सांगायला लागलो. ती मधे मधे विचारायची, "काय म्हणालात? परत सांगा. त्या होडीत कोण कोण होतं?" मी परत सांगायचो. मुलगा म्हणाला, "बाबा, ते देवाला गाऱ्हाणं कसं घालायचात? सगळं म्हणून दाखवा." मी सगळं म्हटलं. गाडी जरा जास्तच जोरात चालली होती. मला वाटलं, शेवटी यांना माझी किंमत कळली. आणि मी मरायला निघालोय.

गोष्टीत शीड फाटलं, तिथे मी थांबलो. पुढचं सुचेना. ओठ आता कानापर्यंत गेल्यासारखे वाटत होते.

"गाडी दवाखान्यात घे," मी म्हटलं. "मी खाल्ल्यात. दोन."

कुणी ओरडलं नाही. मागून सूनबाई म्हणाली, "सात, बाबा. पाच मीठ बघायला आणि दोन आमसूल घातल्यावर. मी कांदा चिरत होते, डोळे मिटून नव्हते बसले."

"आपण तिकडेच चाललोय," मुलगा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "रेंजरनं फोन केलाय. ती म्हणाली, त्यांना बोलतं ठेवा, जीभ जड होते का बघा."

"म्हणून वादळाची गोष्ट?"

"दवाखाना म्हटलं असतं तर बसला असतात गाडीत?"

खरं उत्तर त्यालाही माहीत होतं.

दवाखान्यात मला खाटेवर घातलं, बोटाला चिमटा लावला. डॉक्टरनं मला गाल फुगवायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली, त्याचं बोट धरून दाबायला लावलं. मी ते जोरात दाबलं, तेव्हा तो दचकला. मुलगा मधे बसून भाषांतर करत होता. किती खाल्ल्या, कधी खाल्ल्या. आकडा मीच सांगितला, सात. या वेळी मागून कुणाला दुरुस्त करावं लागलं नाही. मग डॉक्टरनं विचारलं, रश्शात तिखट किती होतं. सूनबाईनं मसाल्याचा डबा पर्समधून काढून दिला. त्यानं तो हुंगला आणि पाच मिनिटं शिंकत राहिला.

तरी चार तास बसवून ठेवलं. सूनबाई चहा शोधायला गेली. आम्ही दोघंच राहिलो.

"बोर्ड दिसला नाही का?" मुलानं विचारलं.

"दिसला."

"मग मला हाक मारायची. मी तिथेच होतो."

"तू सकाळी हसलास."

बोटाचा चिमटा टिक टिक करत होता.

"हसलो खरा," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण बाबा, मेला असतात."



अंधार पडायच्या आत डॉक्टर सोडायला आला. विष चढलं नव्हतं. चढलं नाही म्हणजे नव्हतंच असं नाही, हेही त्यानं सांगितलं. नर्सनं एक कागद हातात दिला, दोन्ही बाजूंनी बारीक छापलेला. मुलगा घडी करून खिशात घालायला लागला.

"वाच," मी म्हटलं.

"घरी गेल्यावर सांगतो, त्यात विशेष काही नाही."

"आत्ता वाच. सगळा. मराठीत."

तो दारातच उभा राहिला आणि वाचायला लागला. पाणी भरपूर प्या. हात-पाय बधिर झाले तर लगेच या. एकटे राहू नका. बोर्ड वाचल्याशिवाय शिंपले काढू नका. पान उलटल्यावर पुन्हा तेच, शिंपले काढू नका. शेवटी मोठ्या अक्षरांत तिसऱ्यांदा तेच.

तिन्ही वेळा मी मधे न बोलता ऐकून घेतलं.