सरांचा पोकरचा तास

सलीमभाईच्या टेलरिंगच्या दुकानात मशीनखाली दिवसभर चिंध्या साचतात. आठवडाभर झाडलं नाही तर पोतं भरतं. आमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. दोन वर्षं आम्ही चौघं आष्ट्यात त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत दर रविवारी दुपारी मोबाईलवर पोकर खेळतोय, आणि तेही पुस्तक वाचून! आज झाडायला मी बसलोय, एवढंच.

चौघं म्हणजे देशमाने सर, हायस्कूलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. सुभेदार आण्णा, फौजेतनं रिटायर होऊन आता ऊस आणि मिशा राखतात. सलीमभाई टेलर. आणि मी, शेजारचा झेरॉक्सवाला, नववीत सरांच्या हाताखालून गेलेला. आम्ही पैसे लावत नाही. ॲप रोज फुकटच्या चिप्स देतं, त्यावर आमचं भागतं.

पुस्तक सरांच्या मुलीनं बेंगळुरूहून पाठवलेलं. बाबांचं डोकं चालतं राहावं म्हणून. जाडजूड, इंग्रजी. सर एकेक प्रकरण मोठ्यानं वाचतात, मराठीत समजावतात आणि मग आम्ही खेळतो. आम्ही तिघं आता अधूनमधून जिंकतो. सर एकदाही जिंकलेले नाहीत! रविवारी ॲपवर शंभर जणांची स्पर्धा असते, तीत एकदा तरी पहिलं यावं एवढीच त्यांची इच्छा. बोलून दाखवत नाहीत, पण सोमवारी दूध आणायला निघालेले सर बघितले की मला वाईट वाटतं. शिकवणारा एकटाच नापास होतोय.

*

पुस्तकाचं पहिलंच प्रकरण होतं, बहुतेक डाव सुरुवातीलाच सोडून द्या. म्हणजे फोल्ड करा.

"माघार?" आण्णा उठून उभेच राहिले. "सर, आमच्या पलटनीत हा शबुदच न्हवता."

सरांनी समजावलं. ही माघार नाही, दारूगोळा वाचवणं आहे. हे आण्णांना पटलं, आणि जरा जास्तच पटलं. त्या रविवारी त्यांनी दीड तास आलेलं प्रत्येक पान टाकून दिलं. पण दर फेरीला थोड्या चिप्स द्याव्याच लागतात, तशा त्यांच्या हळूहळू संपल्या आणि ॲपनं त्यांना बाहेर काढलं.

"आण्णा, एक डाव तरी खेळायचा की वो!" सलीमभाई म्हणाला.

"गोळी एक बी लागली न्हाई," आण्णा मिशीवर हात फिरवत म्हणाले. "उपासमारीनं गेलो!"

*

एक प्रकरण चेहऱ्यावर होतं. पान चांगलं येवो की वाईट, चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. हे समोरासमोर खेळणाऱ्यांसाठी आहे, मोबाईलवर त्याची गरज नाही, असं सर पुढं म्हणाले. पण तोवर आण्णा उसाला पाणी सोडायला निघून गेले होते.

आण्णांनी आठ दिवस घरी सराव केला. हसणं नाही, चिडणं नाही, भाजीला नाव ठेवणं नाही. काकूंनी घाबरून डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं आण्णांना जीभ बाहेर काढायला लावली, हात वर करायला लावले आणि बी.पी.ची गोळी देऊन गेला.

त्याच आठवड्यात थोरल्या मुलासाठी रहिमतपूरला मुलगी बघायला जायचं होतं. आण्णा गेले आणि पोह्यांच्या बशीसमोर दोन तास दगडासारखे बसले. मुलगी त्यांना मनापासून आवडली होती, पण दाखवणार कसं? मुलीचा बाप पार खचला. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला, "आवं, पसंत नसंल तर तसं सांगा."

लग्न झालं. मुलीनंच म्हणे बापाला सांगितलं होतं, "सासरा लय आवडला. तोंडच उघडत न्हाई!"

आण्णांचा सराव केव्हाच सुटलाय. सूनबाई आता कानात हेडफोन घालून भाकरी थापते.

*

पुस्तकात असंही होतं, की प्रत्येक खेळाडूच्या सवयी वहीत टिपून ठेवा. सलीमभाईकडं वही एकच, गिऱ्हाइकांच्या मापांची. मोबाईल हातात, वही समोर, जे पान उघडं असेल त्यावर त्यानं टिपायला सुरुवात केली.

सोसायटीचे एक चेअरमन पँट शिवायला आले. सलीमभाई टेप शोधत होता, तेवढ्यात त्यांनी स्वतःचं पान वाचलं. कंबर चाळीस. उंची एकेचाळीस. मांडी सव्वीस. नुसता दम देतो, आत काही नसतं. जरा जोर लावला की पळतो.

चेअरमननी वही मिटली. दुकानात दुसरं कोणी नाही याची खात्री केली आणि हळूच विचारलं,

"सलीमभाई, आमची मंडळी आलती का हितं?"

*

एकदा चौघांचीही खाती ॲपनं बंद केली. चार खेळाडू, एकच वायफाय, एकच टेबल, तेव्हा तुमचं संगनमत आहे असा मेसेज आला. सर लालबुंद झाले. आयुष्यात त्यांच्यावर कॉपीचा आळ आला नव्हता. त्यांनी दोन पानी इंग्रजी पत्र लिहिलं. मी ते टाईप करून पाठवलं, पण उत्तर आलं नाही.

मग आण्णा म्हणाले, "सर, एवडं कशाला लिवायचं? संगनमत असतं तर तुमी एकदा तरी जिकला नसता व्हय?"

 सरांनी चष्मा पुसला आणि ते मला म्हणाले, "हेच टाक. एका वाक्यात."

दुसऱ्या दिवशी खाती सुरू! फक्त चौघांना एका टेबलावर बसायची बंदी आली.

*

आणि मागच्या महिन्यातला तो रविवार. आम्ही तिघं तासाभरात स्पर्धेतून बाहेर पडलो. सर राहिले. शंभराचे वीस उरले, विसाचे पाच झाले. सलीमभाईनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. आण्णांनी चहा मागवला, तो कुणी प्यायला नाही. शेवटी दोघंच उरले, सर आणि कुणीतरी 'टायगर'.

सरांच्या हातात दोन राजे आले, आणि टेबलावर आणखी दोन! चार राजे. त्यांच्यावर जाईल असं त्या पानांत काही शक्यच नव्हतं. सरांच्या जवळजवळ सगळ्या चिप्स आधीच मध्ये गेलेल्या. टायगरनं त्याच्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या लावल्या. सरांनी फक्त 'कॉल'चं, म्हणजे बरोबरी करायचं बटण दाबायचं होतं. त्यासाठी वेळ तीस सेकंद.

सरांचं बोट बटणापर्यंत गेलं आणि थांबलं. त्यांनी मोबाईल आम्हाला दिसेल असा कटिंगच्या टेबलावर ठेवला.

"आता नीट बघा. समोरच्यानं सगळ्या चिप्स का लावल्या असतील?"

"सर, दाबा," आण्णा म्हणाले.

"दाबायचंच आहे. पण का दाबायचं? सलीम, तू सांग."

सलीमभाई खरोखरच विचार करायला लागला! सरांनी टेबलावरचा मापाचा खडू उचलला आणि कापडावर तीन चौकोन काढले. एक टायगरचा, एक आपला, एक मधला. स्क्रीनवरचं वेळेचं हिरवं वर्तुळ लाल झालं होतं.  बावन्न वर्षांचा माणूस मी, मी हात वर केला.

"हात खाली. तुझाही नंबर येईल," सर म्हणाले आणि बाण काढायला लागले.

मोबाईल थरथरला. वेळ संपली म्हणून ॲपनंच सरांचा डाव फोल्ड केला होता. मधल्या सगळ्या चिप्स टायगरकडं गेल्या. सरांच्या उरल्यासुरल्या पुढच्याच डावात संपल्या.

 सरांनी बोटांवरचा खडू झटकला आणि चष्म्यावरून आमच्या तिघांकडं बघितलं.

"मुद्दा कळला का पण?"