डेस्मंड प्रॉसरने निवडलेला पंखा

हृदयाच्या डॉक्टरांनी विमान चालवायला कायमची मनाई केली, तेव्हा डेस्मंड प्रॉसर घरी न जाता थेट धावपट्टीवर गेला. धावपट्टी कसली, एका शेतकऱ्याचं गवताळ कुरण, टोकाला पॉप्लरच्या उंच झाडांची रांग. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं आणि रॉझ टज या मैत्रिणीचं सामायिक विमान उभं असे. महायुद्ध संपलं त्या सुमाराचं, दोन माणसांपुरतं, लाकडाचं न् कापडाचं. डेस्मंडने किटली चढवली आणि विमानाच्या नाकावर फिरणाऱ्या पंख्यांची माहितीपत्रकं काढून बसला.

नव्या पंख्यावरून दोघांचा वाद हिवाळाभर चालला होता. जुन्याची पाती एकाच कोनात घट्ट. चढताना इंजिनाला धाप लागे आणि वर सपाटीला ते उगीच गरगरत राही. पात्यांचा कोन हवेतच बदलता आला, तर सायकलचा गिअर बदलल्यासारखं काम होणार होतं. तेलाच्या दाबावर चालणारा पंखा आधीच बाद झालेला, कारण त्यांच्या इंजिनाचा दांडा भरीव, तेल जाणार कुठून? रॉझचं मन विजेवर चालणाऱ्यावर होतं. डेस्मंडने वजनांचा हिशेब मांडला तर तो विमानाच्या नाकाला जड पडत होता. उरला हाताने दांडी ओढून कोन बदलायचा, लाकडी पात्यांचा.

रॉझ आली तेव्हा त्याने तिला हे समजावलं. तिने थोडी कुरकुर केली, मग मान्य केलं. त्यानंतर तो म्हणाला, "मी मात्र उडवणार नाही आता. डॉक्टरांनी बंद केलंय."

रॉझ त्याच्याकडे बघत राहिली. "मग इतका वेळ वजनं कसली मांडत बसला होतास, डेस?"

"पंखा तर लागणारच ना."

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. त्याने तिला चहात साखर किती म्हणून विचारलं. रॉझ साखर घेत नाही हे त्याला कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं.

घरी बायकोने, बेरिलने, सगळं ऐकून घेतलं. "आदळआपट तरी कर रे," ती म्हणाली. त्याने खिम्याचा पाई संपवला आणि आपली ताटली विसळून ठेवली.

वसंतात पंखा आला, बसवला, तपासनिसाने पास केला. पहिल्या उड्डाणाला रॉझने डेस्मंडला शेजारी बसवलं आणि दांडी त्याच्या हाती दिली. पॉप्लरची रांग आरामात खाली राहिली. पुरेशी उंची आल्यावर तिने मान हलवली. इंजिनाचा आवाज बसेपर्यंत त्याने दांडी हळूहळू मागे ओढली. हात बरोबर जागी थांबला. खाली सफरचंदाच्या बागा फुलल्या होत्या. त्या सुंदर आहेत हे त्याला कळत होतं, तारीख कळावी तसं.

"कसं वाटतंय?" रॉझने विचारलं.

"नाक जड नाही," तो म्हणाला.

उन्हाळाभर दर शनिवारी ती चालवी आणि तो दांडी ओढी. रॉझ खूश होती. विमान आता पूर्वीपेक्षा कमी जागेत उठत होतं आणि पेट्रोलही कमी पीत होतं. शरदात एका शनिवारी तो गेला नाही. कुंपणाची झुडपं छाटत राहिला. आज शनिवार आहे, हे बेरिलने खिडकीतून सांगितलं.

"माहीत आहे," तो म्हणाला आणि पुढच्या झुडपाकडे वळला.