धुळ्याच्या गच्चीवरची दोरी

ये, इकडे ये. तिथे उंबऱ्याशी पाहुणीसारखी टेकू नकोस. जवळ सरक, तो मोबाइल पालथा घाल आणि गुमान ऐक. मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू समोर नाहीस हे ठाऊक आहे मला. पण फोनवर भांडायला तोंड उघडलं की तू "आजी, रेंज नाही" म्हणतेस, म्हणून लिहून भांडते. तू समोर बसली आहेस असंच समजून.

तुझं कॉलेज जळगावात, तुझ्या आईबापाचं घर जळगावात आणि मी असोद्यात. तुझा बाप मोटरसायकलवर निघाला की चुलीवरचा चहा उकळायच्या आत दारात असतो. आणि धुळं? एरंडोल गेलं, पारोळा गेलं, बसमध्ये एक झोप झाली, तरी धुळं यायचंच असतं. एवढं असून सुट्टी लागली की तू धुळ्याला. तुझ्या आईच्या आईकडे. मी बापाची आई, मला काय, तर "आजी, पुढच्या आठवड्यात नक्की."

आधी असं नव्हतं. श्रावणात आपल्याकडे कानबाई देवी बसली तेव्हा तू आली होतीस. त्यानंतर नाही. तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणे, परीक्षा आहे. मग म्हणे, "तिची तारीख आहे, आई." पुढच्या खेपेलाही तारीख. कोर्टात पण एवढ्या तारखा पडत नसतील. आणि वरून एकदा तूच फोनवर म्हणालीस, "आजी, बठ्ठं ठीक शे." सगळं ठीक आहे, याला आपल्या असोद्याकडे असं म्हणतात का गं? ते धुळ्याकडचं. म्हणजे बोली सुद्धा तिची घेतलीस. त्या दिवशी माझी भाकरी तव्यावर करपली आणि तुझे आजोबा मुकाट्याने करपलेली खाऊन उठले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळतं, कधी बोलू नये ते.

दिवाळी झाल्यावर तुझ्या मामाचा साखरपुडा होता, म्हणून मी धुळ्याला गेले. तू परीक्षेमुळे आली नव्हतीस. मुक्काम करावा लागला. सकाळी डोक्यावरून अंघोळ केली तर विहीणबाई म्हणाल्या, "गच्चीवर जा, छान ऊन आलंय, केस वाळवा." त्यांच्या गच्चीचंही मला कौतुक नव्हतं. मी गेले ते नावं ठेवायलाच.

तर वर दोरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत, भर उन्हात. तिच्यावर टॉवेल, उशांचे अभ्रे, आणि मधोमध चिमट्यांनी लावलेल्या लांबट, गुबगुबीत घड्या. निळ्या कापडावर पिवळी फुलं. मी जवळ गेले, चष्मा सारखा केला. अगं, तो तुझा फ्रॉक होता. मी फुले मार्केटातून घेतलेला, तू पाचवीत असताना. वाढत्या अंगाला म्हणून मुद्दाम मोठा घेतला होता. तू तो इतका घातलास की शेवटी रंग पाण्यासारखा झाला. त्याचे तुकडे.

मागून विहीणबाई खुर्ची घेऊन आल्या. मी विचारलं, "ही भांडी उतरवायची फडकी शिवलीत का, विहीणबाई? पोरीच्या चांगल्या फ्रॉकाची?"

त्या हसल्या. शिलाई मशीनवर आयुष्य गेलं त्यांचं, कापडाला नावं ठेवली की त्यांना गंमत वाटते. म्हणाल्या, "फडकी नाहीत हो. नातीची आहेत. दर महिन्याची. ती यायच्या आधी आणखी शिवून, धुऊन ठेवतेय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी काय केलं असेल? ओले केस मोकळे, तशीच दोरीपुढे उभी राहिले आणि पदर पसरला. समोरच्या गच्चीवर एक माणूस दात घासत होता.

"बाजूला सरका," विहीणबाई म्हणाल्या. "पदराने ऊन अडतंय. वाळू द्या."

"अहो, तो माणूस बघतोय."

"बघू द्या. त्याच्या घरात काय बाई नाही? ऊन बठ्ठासनं शे, त्याले कसानी लाज?"

मी सरकले. पण माझे कान तापले होते. मी म्हटलं, "तो फ्रॉक मी घेतला होता."

"माहीत आहे. म्हणून तर तोच निवडला. शुद्ध सुती, धुऊन धुऊन लोण्यासारखा झालेला. कापड घ्यायला तुम्ही चुकला नाहीत. बाकी..."

"बाकी काय?"

"बाकी जाऊ द्या."

"आता काढलंय तर बोला."

मग त्यांचा आवाजच बदलला. "तुम्हले माहीत नही का?"

हे चार शब्द मला अजून टोचतात. मग त्यांनी तुझ्याकडून ऐकलेलं सांगितलं ते सगळं खरं होतं, पण त्यांनी ते मला सांगावं, हे मला सोसलं नाही.

कानबाईच्या दिवशी आपलं घर कसं असतं तुला माहीत आहे. सगळी भाऊबंदकी गोळा झालेली, अंगणात खाटा टाकून तुझे काका-चुलतभाऊ बसलेले, चुलीपुढे बायका देवीच्या नैवेद्याचे रोट भाजतायत. मी सकाळीच शेजारच्या सुनेला ओट्यावरून परत पाठवली होती. तिने बिचारीने खरं सांगितलं, पाळी आली आहे म्हणून. मी म्हटलं, मग आज इकडे येऊ नको माय, देवीचं आहे. हे तू ऐकलंस. आणि त्याच सकाळी तुझीही आली, तारखेच्या आधी. पिशवीत मैत्रिणीने दिलेलं पॅडचं पाकीट होतं, सुगंधाचं. तू एक लावलंस आणि कामाला बसलीस. बदलणार कुठे? आपली मोरी अंगणात, पत्र्याचं दार, आतून कडी नाही, सुतळीचा फास. तिच्यासमोर पाहुण्यांच्या खाटा. वापरलेलं टाकायला डबा नाही. आणि कोणाला सांगावं, तर मी तुला शेजारच्या सुनेच्या मागोमाग पाठवीन. मग सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकच. चुलीची धग, घाम, त्यात तो सुगंध. मी एकदा विचारलं होतं, "थकलीस का गं?" तू म्हणालीस, "नाही आजी." मी म्हटलं, बघा माझी नात, किती कामाची.

जळगावला गेलीस ती मांड्या सोलवटून. अंगावर लाल पुरळ, आग, खाज. आईला सांगितलं ते पण अर्धंच. मग फोन लावलास धुळ्याला.

"रडत होती," विहीणबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, पहिली बस धर आणि ये."

पहिली बस. आणि मी चहा उकळायच्या अंतरावर.

मी खुर्चीत बसले. केस वाळायचे राहूनच गेले. विहीणबाईंनी तुला बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तेही त्या सांगत होत्या. मी वकिलासारखे प्रश्न विचारत होते. मला त्यांची एखादी चूक सापडायला हवी होती.

"डॉक्टरीण काय म्हणाली?"

"म्हणाली, डाग कमी असो की जास्त, चार-सहा तासांनी बदलायचंच. ओल अंगाशी राहिली की कातडी सोलते, त्यावर मग जंतू बसतात. सुगंधाचं घेऊ नको, पुष्कळ जणींना ते सोसत नाही. आतून साबण लावायचा नाही, साधं पाणी पुरे."

"आणि हे कापड? हे चालतं का? नव्या काळात कापड?"

"मी पण तेच विचारलं. ती म्हणाली, विकतचं वापरा नाहीतर कापड वापरा, स्वच्छ पाहिजे. कापड असेल तर सुती, साबणाने धुतलेलं, कडक उन्हात वाळलेलं. सावलीत, लपवून वाळवलेलं नको. आणि खाज, जखम, घाण वास, नेहमीपेक्षा जास्त जाणं, काहीही असलं तरी घरगुती उपाय करत बसू नका, या."

"तुम्ही आत होता?"

"शेजारच्या खुर्चीवर. नंतर माझीही तपासणी करून घेतली. नातच म्हणाली, माय, एवढी आलीच आहेस तर तू पण दाखव. माझी पर्स धरून बाहेर बसली होती."

पर्स धरून. मी तुला खरं सांगते, पुरळाचं ऐकून मला वाईट वाटलं, पण या पर्सचं ऐकून मी जळून कोळसा झाले. माझी पिशवी कोण धरतं गं? मी दवाखान्यात जाते ती गुडघ्यासाठी, तुझे आजोबा बाहेर पानटपरीवर असतात.

पण पर्सपेक्षा सुद्धा हेवा मला कशाचा वाटला सांगू? त्या दोरीचा. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा कापसाची एक खोली होती. छतापर्यंत कापूस. आमच्या वाट्याला मात्र फाटक्या लुगड्याचं जुनेर. ते धुवायचं सगळे उठायच्या आधी, आणि वाळवायचं त्या कापसाच्या खोलीत, गोणपाटाखाली, अंधारात. पावसाळ्यात ते कधी वाळलंच नाही. ओलसर, कुबट वासाचं, तसंच घ्यायचं. दर महिन्याला जखमा. मी खोबरेल लावायची आणि शेतात पाय फाकवून चालायची. सासूने एकदा विचारलं, अशी का चालतेस, तर सांगितलं, पायात काटा गेला. किती वर्षं मला काटाच जात होता. तुझ्या आजोबांनाही मी कधी सांगितलं नव्हतं. आणि इथे धुळ्यात, दात घासणाऱ्या माणसासमोर, चिमटे लावून माझा फ्रॉक उन्हात डोलत होता.

परतीच्या बसमध्ये पारोळ्याला शेजारच्या बाईने शेंगा पुढे केल्या, त्या घेतल्या नाहीत.

घरी आल्या आल्या तुझ्या आजोबांना म्हटलं, "अंगणात दोरी बांधून द्या. मधोमध. जिथे दिवसभर ऊन असतं तिथे."

"मागे आहे ना एक."

"मागे भिंतीची सावली आहे."

"अन् मधात कशाला? येनारेजानारे लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन, ह्यांच्या घरी कपडे धुतात."

"या वयात तुले काय सुचू राहिलं?"

मग मी त्यांना सांगितलं. तुझं सांगितलं आणि काट्याचंही सांगितलं. ते खाटेवर बसले होते. मग उठून मळ्यात गेले आणि केळीच्या झाडांना आधाराला बांधतात ती नायलॉनची जाड पट्टी घेऊन आले. कडुनिंबापासून ट्रॅक्टरच्या शेडपर्यंत अशी ताणली की म्हैस बांधली तरी तुटायची नाही. दुसऱ्या दिवशी जळगावला जाऊन मोरीच्या दाराला आतून लावायची कडी आणली. मी सांगितली होती बारीक, त्यांनी आणली कोठाराची. झाकणाचा डबा मी स्वतः निवडला. आता घंटागाडी येते आपल्याकडे, कागदात गुंडाळून द्यायचं. शिवाय मोरीत आरसाही लावला आहे. धुळ्याच्या मोरीत आरसा नाही, मी बघून आले आहे.

आणि माझ्या पेटीच्या तळाला एक पातळ होतं. सुती, जांभळं, माझ्या आईचं. तुझ्या लेकराच्या गोधडीला ठेवलं होतं. ते काढलं. किती पदर घ्यायचे ते मला माहीत नव्हतं, म्हणून दात ओठ खाऊन विहीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "इकडे पाठवा, मशीनवर घटकाभराचं काम." मी म्हटलं, "नको, आमच्या घरी हाताला टाके येतात." पदर किती, घडी केवढी, बटण कुठे, सगळं विचारून घेतलं मात्र. शेवटी त्या म्हणाल्या, "शिवून झाले की आधी गरम पाण्यातून काढा." तेही केलं. गोधडीचा धावदोरा घातला आहे, बारीक. फ्रॉकापेक्षा हे कापड मऊ आहे. हात लावून बघ आणि खरं सांग. खोटं सांगितलंस तरी चालेल.

तुझे हे पॅड पहिल्यांदा दोरीवर घातले त्या दिवशी शेजारची सून कुंपणाशी आली. तीच, जिला मी कानबाईला परत पाठवलं होतं. "अक्का, हे काय वाळू घातलं?"

"माझ्या नातीचं आहे."

तिने दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तशीच घरी गेली. पण दुसऱ्या दिवशी परत आली, ओट्याच्या खालीच उभी. म्हणाली, "आमच्या अंगणात ऊन येत नाही. मी माझे एका कडेला घातले तर चालतीन का?"

मी म्हटलं, "वर ये आधी." ती चढली. चहा पिऊन गेली. जाताना म्हणाली, पाळीचे कपडे वर्षभर पलंगाखाली वाळवते, म्हणून खाज जात नाही. मी तिला डॉक्टरणीचं सगळं सांगितलं, चार-सहा तासांपासून. मीच त्या खुर्चीवर बसून आले आहे अशा थाटात सांगितलं. विहीणबाईंचं नाव घेतलं नाही. एवढा मोठेपणा अजून माझ्यात आलेला नाही.

आता गोष्ट अशी आहे की ती सून रोज येते. "अक्का, अक्का" करत बसते, मला पोटातलं सांगते. आणि दोरीवर तिचे चिमटे हळूहळू मधोमध सरकायला लागले आहेत, जिथे सगळ्यात जास्त ऊन असतं. ती जागा तुझी आहे. मी दोनदा तिचे चिमटे कडेला सरकवले, पण रोज रोज बरं दिसत नाही.

तेव्हा ये. पुढच्या कानबाईचं म्हणशील, तर देवीपुढे बसायचं की नाही ते तू ठरव, मी माझं तोंड बंद ठेवीन. निदान प्रयत्न करीन. रोट मात्र तुझ्याच हातचे हवेत. पण तोवर थांबू नकोस. मलाही एकदा त्या डॉक्टरणीकडे दाखवायचं आहे, आणि माझी पिशवी धरायला तू हवीस. पर्स नाही माझ्याकडे, पिशवीच आहे, पण जड नाही. धुळ्याला जायची असलीस तरी आधी असोद्याला उतर, चहा टाकलेलाच असतो. तारीख बघून येऊ नकोस. ज्या दिवशी पाळी आली असेल त्याच दिवशी ये.