मीच हलले

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. रुबाब मात्र हेडमास्तरचा. कपडा दुकानातच घालून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकानं तो घरी न्यायचा नाही, हा त्यांचा नियम, आणि त्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे. नुसतं आरशापुढं मिरवूनही भागायचं नाही. "बसा. उठा. वाका. दोन पावलं चाला," असे हुकूम सुटायचे आणि भलेभले पोट सुटलेले लोक मुकाट्यानं दुकानात उठाबशा काढायचे. ट्रायल म्हणजे ट्रायल.

तर अशा माणसानं आयुष्यातली सगळ्यात मोठी हौस ट्रायल न घेता केली.

म्हणजे बसले होते, नाही असं नाही. मोटारसायकलच्या शोरूममधल्या लोकांचे गणवेश मास्तरच शिवत. ते पोचवायला गेले असताना मॅनेजर म्हणाला, "मास्तर, बसून तर बघा." गाडी लाकडी चौथऱ्यावर, डबल स्टँडवर सरळ उभी होती. काळीभोर, रुंद टाकीची, रेड्याच्या मानेसारखी जाडजूड. मास्तर चौथऱ्यावरून अलगद चढले, पाय फूटरेस्टवर ठेवले, हँडल धरलं. समोर आरसा होता. जन्मभर दुसऱ्याला आरशात दाखवणाऱ्या माणसानं पन्नाशी उलटल्यावर स्वतःला आरशात बघितलं आणि गडी कामातून गेला. पाय खाली टेकवून बघायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

"एवढी मोठी कशाला?" बायकोनं विचारलं. "आपल्याला जायचंय कुठं?"

"जायचं ठरवल्यावर का घ्यायची असते गाडी?" मास्तर म्हणाले. तिला हे काही पटलं नाही. पण गाडी आली त्या दिवशी आरसे पुसायला फडकं घेऊन तीच आधी बाहेर आली.

शोरूमचा माणूस गाडी दुकानापुढे लावून गेला. मास्तरांनी ती स्टँडवरून काढली, टांग टाकली आणि पाय खाली सोडले. पाय खाली गेलेच नाहीत. डावा चवडा कसाबसा टेकला तेव्हा उजवा हवेत. दोन्ही एकदम टेकवायला गेलं की नुसती बोटं जमिनीला शिवत, तीही ताणून. लोकांच्या पायांची मापं घेण्यात हयात गेलेली. एका क्षणात त्यांना कळलं, सीट चार बोटं उंच आहे. किंवा आपण चार बोटं आखूड आहोत, कसंही म्हणा.

परत करायची तर तसं सांगायला लागलं असतं. कुणाला? ज्यांच्या पॅन्टचे पाय कापताना "उरलेल्या कपड्यात तुमची टोपी निघेल" असे विनोद केले त्याच लोकांना. मास्तर गप्प बसले. ही गप्प बसायची खोड तिथूनच लागली असं माझं मत आहे.

चालत्या गाडीवर मात्र ते राजे होते, हे कबूल करायला हवं. मूठ जराशी पिळली की दोन्ही बाजूंची दुकानं मागे सरकायची, इंजिनाची घरघर सीटमधून थेट बरगड्यांत पोचायची, शर्टात वारा भरायचा. हेल्मेटच्या आत मास्तर एकटेच हसायचे. थोरल्या भावाची जुनी स्कूटर वीस वर्षं लाथा मारून चालवली होती; ही नुसत्या अंगठ्यानं जागी व्हायची. अडचण थांबायची तेवढी होती. मग त्यांनी फूटपाथ हेरून ठेवले. ज्या सिग्नलला पाय टेकायला कडेचा फूटपाथ आहे, तोच रस्ता धरायचा. लाल दिवा दिसला की लांबूनच वेग कमी करत, रेंगाळत, हिरवा होईपर्यंत पोचायचंच नाही. दुकानापासून घर हाकेच्या अंतरावर, पण मास्तर अख्ख्या गावाला वळसा घालून येत, आणि बायकोला वाटे, केवढी ही हौस!

"मला कधी नेणार?" ती विचारायची. मास्तर टाळायचे. रविवारी ती ठेवणीतले कपडे घालून, केस घट्ट बांधून दारात येऊन उभीच राहिली. आता काय सांगणार?

तिसऱ्या सिग्नलला घात झाला. फूटपाथला लागून एक टेम्पो उभा होता. मास्तर मधल्या रांगेत अडकले. थांबले, पाय टाकला, पाय पोचला नाही. गाडी एका अंगाला कलली, मास्तरांनी जीव खाऊन धरली आणि तरी ती सावकाश खाली गेली. चौकातल्या सगळ्यांना नीट बघता यावं इतक्या सावकाश. बायकोनं पडताना हात टेकला. मनगट गेलं.

माणसं धावली. कुणी गाडी उचलली, कुणी बायकोला बसवलं. एक तरणाबांड गडी म्हणाला, "काका, झेपत नाही तर घ्यावी कशाला एवढी?" मास्तरांचे कान तापले. तेवढ्यात खालून, मनगट छातीशी धरून, वेदनेनं पांढरी पडलेली बायको म्हणाली, "त्यांचं काही नाही हो. मीच हलले मागे."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. तीही बघत होती. इथं त्यांनी एक शब्द बोलायचा होता. बोलले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशानं पडलात?" या वेळी तिनं तोंड उघडायच्या आत मास्तरच म्हणाले, "ही मागे हलली."

पुढं सोपंच होतं. दुकानात येणारा जाणारा प्लास्टर बघून विचारायचा आणि मास्तर सांगायचे. शेजारचा चष्मेवाला तर ऐकायला रोज यायचा. तो मनानं चांगला, पण तोंडाला कुलूप नाही. सांगता सांगता गोष्टीला अंग धरलं. आधी ती नुसती हलली होती. मग पर्स सावरायला हलली. शेवटी शेवटी तर चालत्या गाडीवर मान वळवून ती कुठल्यातरी दुकानातल्या खिडकीतलं काहीतरी बघत होती. लोक पोट धरून हसत. ज्या बाईच्या हातची शिलाई भिंगातून बघितली तरी दिसायची नाही, काजं-बटणं करताना जी तास तास मान वर करत नसे, ती आता गल्लीभर 'हलणाऱ्या वहिनी' झाली. "आमची ही बरी होईपर्यंत गाडीला हात लावणार नाही," असंही मास्तर वर म्हणायचे. त्यावरही लोक माना डोलवायचे. गाडी स्वतः शिवलेल्या कव्हराखाली दुकानापुढे उभी होती आणि मास्तर सुटल्यासारखे पायी चालत होते.

ती दुकानातच मागच्या स्टुलावर बसून सगळं ऐकायची. पहिल्या दोन-चार वेळा तिनं मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. मग बघायचं सोडून दिलं. तिनं बघायचं सोडलं म्हणून मास्तरांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची बाही त्यांनी उलटी जोडली.

प्लास्टर निघालं. ती पुन्हा स्टुलावर बसून एका पॅन्टची खालची दुमड घालायला लागली. हात अजून अवघडलेला होता. चष्मेवाला डोकावला.

"वहिनी, आता जोरात फेरी होऊन जाऊ दे! फक्त हलू नका हं!"

"नको बाई," ती म्हणाली. "मी नाही आता बसत. माझ्यामुळं पुन्हा पडायचे हे."

मास्तरांनी झटकन वर बघितलं. तिच्या आवाजात टोमणा असेल, डोळ्यांत राग असेल म्हणून त्यांनी शोधला. असता तर त्यांना बरं वाटलं असतं. तिथं काहीच नव्हतं. ती खरंच तसं मानत होती.

"ही हलली नव्हती," मास्तर म्हणाले. "माझा पाय पोचला नाही."

चष्मेवाला टाळी वाजवून हसला. "वा मास्तर! बायकोची बाजू घ्यावी तर अशी. शिका रे कुणीतरी!"

"असू दे हो," बायको खाली मान घालून म्हणाली. "माझ्यासाठी कशाला उगीच?"

खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी ऐकलं, आणि आता खरं कुणी ऐकायला तयार नाही! मास्तरांचं डोकं सणकलं. कात्री टाकून ते बाहेर आले, कव्हर ओढून काढलं, गाडी स्टँडवरून उतरवली.

"चष्मेवाले, इकडे या. धरा ही. दोन्ही हातांनी धरा."

चष्मेवाल्यानं समोर येऊन हँडल धरलं. मास्तर टांग टाकून चढले आणि भर दुपारी, भर गल्लीत, दोन्ही पाय खाली सोडून बसले. पाय लोंबकळत होते. समोरच्या दुकानांतून लोक बाहेर आले. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बघितलंत?" मास्तर ओरडले. "हा पाय टाकला, पोचला नाही, गाडी पडली. ही दगडासारखी स्थिर बसली होती. माझी लाज झाकायला बिचारी खोटं बोलली, आणि मी तेच खरं म्हणून सांगत सुटलो. तिच्या तुटलेल्या हातासमोर बसून!"

आता कुणी हसलं नाही. बायको सुई हातात घेऊनच उंबऱ्यावर आली होती. तिनं त्या पायांकडे बराच वेळ बघितलं.

"म्हणजे मी हलले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"मला आधी वाटायचं, नव्हते हलले. पण तुम्ही रोज इतकं सांगायला लागलात, मला वाटलं, तुम्हाला पुढून कळलं असेल. अंथरुणावर पडल्या पडल्या आठवून बघायची मी, कुठं हलले ते." तिचा आवाज चढला नाही. "लोकांना नसतं सांगितलंत तरी चाललं असतं. मला एकदा सांगायचं होतंत."

तिनं सुई जपून पॅन्टला टोचली, पॅन्टची घडी केली, ती स्टुलावर ठेवली. चपला घातल्या आणि घराच्या वाटेला लागली.

"अगं, थांब," मास्तर म्हणाले. उतरायला त्यांनी अंग उचललं तशी गाडी कलली. चष्मेवाल्यानं दात-ओठ खाऊन ती सावरली.

"मास्तर, जड आहे हो. सोडू का?"

"नका सोडू," मास्तर म्हणाले, आणि ती कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत तसेच वर बसून राहिले.