काकांच्या दुकानातलं कासव

नव्वदच्या दशकात, कानडी मुलखात, कोप्पीकर रोडवरच्या आमच्या साड्यांच्या दुकानात काकांनी भरभराटीसाठी काचेच्या पेटीत कासव ठेवलं होतं. त्याला ते दहीभात आणि पेढा भरवत. त्याचं कवच मऊ पडायला लागलं, तेव्हा मी गुरांच्या डॉक्टरांकडून पत्रक आणलं. त्यात लिहिलं होतं, कासवाला अख्खे मासे, गोगलगायी, गांडुळं हवीत, काट्या-शंखांसकट, नाहीतर ते मरेल.

"आपल्या दुकानात मासे?" काका ओरडले. मी केलगेरीच्या तळ्यावरून आणलेल्या गोगलगायी त्यांनी गटारात फेकल्या आणि नोकरांसमोर माझ्या कानाखाली वाजवली.

कानडी गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून दुकानात आम्ही मराठीत भांडायचो. दसऱ्याच्या गर्दीत मी मुद्दाम कन्नडमध्ये ओरडले, "ज्याला हे लक्ष्मी म्हणून पुजतात, त्यालाच उपाशी मारतायत!"

"हळू बोल गं, घरी बघतो तुला," काका मराठीत कुजबुजले.

मी त्याचंही मोठ्याने कन्नड करून सांगितलं. लोक हसले. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या एक अक्का उठून उभ्या राहिल्या. "सावकार, आधी त्याला जेवू घाला, मग साड्या दाखवा."

मी लपवून आणलेला माशांचा डबा उघडून काकांपुढे धरला. त्यांनी तोंड फिरवत, दोन बोटांच्या चिमटीत एक मासा धरून पेटीत सोडला. कासवाने तो डोक्यापासून काट्यांसकट कराकरा फोडला.

काकांनी नाकाला रुमाल लावला.

"अजून एक," मी कन्नडमध्ये म्हणाले.