टॅमरिंड फाइव्हचा पाचवा माणूस

साताऱ्याहून निघालेली एसटी अंधेरीला हायवेवर थांबली आणि कंडक्टरने माझ्याआधी माझी वळकटी खाली टाकली. "अहो, आधी माणूस उतरू द्या की!" असं मी त्याला सुनावतेय तोवर गाडी हललीसुद्धा. धुळीत उभी राहून मी मुंबईचं पहिलं दर्शन घेतलं. एका अंगाला कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या अंगाला म्हशी, आणि मधून पदर खोचून पळत येणारी माझी धाकटी बहीण कुसुम. नाताळच्या सुट्टीत चार दिवस तिच्याकडे राहावं, पार्ल्याच्या मावशीला भेटावं, वेसाव्याचा समुद्र बघावा, एवढाच माझा बेत होता. पण "प्रवास कसा झाला?" हे विचारायच्या आत कुसुम म्हणाली, "ताई, विली परत आलाय गं. आता ह्यांचं काय होणार?"

'हे' म्हणजे माझे मेहुणे प्रभाकरराव. दिवसा औषधांच्या कंपनीत कारकुनी आणि संध्याकाळी रॉक बँडमध्ये विजेची गिटार. लग्न ठरलं तेव्हा आमच्या आईने आळीत "जावई पेटी वाजवतात" असं सांगून वेळ मारून नेली होती. बँडचं नाव टॅमरिंड फाइव्ह, कारण अंबोली गावठाणात एका चिंचेखाली त्यांचा सराव चाले. चिंच होती विलीच्या घरासमोर. विलीनेच मित्र गोळा करून बँड उभा केला. पहिला गिटारवाला तो, आणि प्रभाकरराव त्याच्या शेजारी उभे राहून साथ करायचे. मग विलीला प्रवासी बोटीवरच्या बँडमध्ये नोकरी लागली आणि तो दर्यावर गेला. प्रभाकरराव त्याच्या जागी पुढे आले. उरले चौघेच, पण नावातला फाइव्ह काही कुणी काढला नाही.

"बँड सुटला ना ताई, तर हे नुसते कारकून उरतील," कुसुम वळकटी डोक्यावर घेत म्हणाली. मी तिला म्हटलं, "तू आधी घरी चल. रस्त्यात रडायचं नाही." 

कुसुमची चाळ गावठाणाला लागूनच. तिन्हीसांजेला प्रभाकरराव कॉटवर बसून गिटार वाजवत होते, वायर न जोडता, हलक्या हाताने. मी भाकऱ्या थापत ऐकत होते. आता सांगते, मला ते इंग्रजी संगीत कळत नाही आणि त्याचा दणदणाट मला सोसत नाही. पण मी वडिलांच्या, अप्पांच्या, सतारीखाली रांगलेली पोरगी आहे. त्या वाजवण्यात एक जागा अशी आली की माझा हात परातीतच राहिला. सूर एकेक पायरी चढत होते आणि अचानक, पायरी सोडून, एकाच तारेवरून लांब घसरत वर गेले. शुद्ध मींड! अप्पा असते तर मान हलवली असती.

"हे काय वाजवलंत?" मी विचारलं.

"विलीचं आहे," ते म्हणाले. "जसंच्या तसं. एक सूर इकडचा तिकडे केलेला नाही कधी." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता, की जणू दुसऱ्याची ठेव जिवापाड सांभाळली आहे. मला कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला.

दुसऱ्या दिवशी मी सराव बघायला गेले. गावठाण म्हणजे शहराच्या कमरेला खोचलेलं खेडंच. कौलारू घरं, लाकडी जिने, दारात कागदी तारे टांगलेले, मधोमध क्रूस आणि त्याच्यापुढे झेंडूचा हार. विलीची आई, मार्थामावशी, काष्ट्याचं लुगडं नेसलेली, बोंबील साफ करत बसली होती. तिने मला पुढ्यात बसवून फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल पाव) आणि लालभडक मटण वाढलं. मसाला कुठला म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाटलीतला." वर्षाचा मसाला कुटून बियरच्या बाटल्यांत ठासून भरतात म्हणे! माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण पान पुसून खाल्लं.

विली चाळिशीचा, उंच, उन्हाने रापलेला. आला तो सगळ्यांच्या गळ्यात पडला. "प्रभ्या! जाडा झालास रे!" प्रभाकररावही हसले, पण स्वतःची गिटार घेऊन हळूच चिंचेच्या पलीकडे, ऑर्गनवाल्याच्या मागे जाऊन उभे राहिले. तिथून ते मला दिसेनातसुद्धा.

शनिवारचा कार्यक्रम मुलुंडला, एका क्लबाच्या पटांगणावर, आणि हातात ही एकच संध्याकाळ. ड्रम वाजवणारा लेस्ली त्यांचा म्होरक्या. तो म्हणाला, "नवीन गाणी तेवढी बसवू यार. जुनी कशाला? ती तर झोपेत वाजतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. जुनं सगळ्यांना पाठ होतं ना! म्हणून त्याला कुणी हात लावला नाही. आमच्या शाळेत मी पोरांना बजावते, पाठ आहे म्हणता ते आधी म्हणून दाखवा. पण पाहुणी म्हणून गप्प बसले.

शनिवारी दुपारी टेम्पोत सामान चढलं आणि सामानावर आम्ही. मरोळ मागे पडलं तसा रस्ता मोकळा झाला. डाव्या हाताला पवईचा तलाव, पलीकडे डोंगर, पाण्यावर पाणकोंबड्या. साताऱ्यात आहोत असं वाटावं. तेवढ्यात चढावर टेम्पोने आचका दिला, दोरी सुटली, आणि लेस्लीचा मोठा ढोल उडी मारून उताराला लागला. लेस्ली "वाट लागली!" करत मागे धावला. खाली गवताचा भारा घेतलेल्या एका बाईने पाय आडवा घालून ढोल थोपवला आणि मला विचारलं, "वरात कुनाची वो, बाय?"

"वरात नाही, बँड आहे."

"मंग नवरा कंचा?" टेम्पोभर हशा पिकला. प्रभाकरराव मात्र तलावाकडे बघत बसले होते. 

मुलुंडला पटांगणात नाचायला फळ्या अंथरल्या होत्या. उन्हं कलली तशी माणसं जमली. गोव्याची, पारशी, आपली मराठी कॉलेजातली पोरं, साड्या नेसलेल्या आणि फ्रॉक घातलेल्या मुली. विली स्टेजवर आला मात्र, "विली! विली!" म्हणून गर्दीने मैदान डोक्यावर घेतलं.

सुरुवात त्यांच्या सगळ्यात जुन्या गाण्याने झाली. लेस्लीने पोरवयात एका मुलीवर ते रचलं होतं. मुलगी दुसऱ्याच्या घरी गेली, गाणं बँडकडे राहिलं. गाण्याच्या मध्यावर एकट्या गिटारची जागा येते. ती आली, आणि विलीने सुरुवात केली. प्रभाकररावांनीही केली! ठरवून नाही हो. इतक्या वर्षांची सवय, बोटं आपसूक निघाली. चार पायऱ्या दोघे बरोबर चढले. लोकांना वाटलं, गंमत बसवली आहे. मग ती मींड आली. प्रभाकरराव घसरत वर गेले आणि विली सरळ बारीक तारेवर उतरून टणटण पुढे निघाला. दोन सूर एकमेकांवर असे आपटले की मी कानावर हात ठेवले. पुढच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, "ए विली, चुकला रे!"

लोक हसले. प्रभाकररावांनी गिटारचं बटण फिरवून आवाज बंद केला. पुढची सगळी गाणी ते नुसते उभे होते. कुसुमने माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या.

विली वाजवायचा सुरेख, यात वाद नाही. पण बाकीच्यांना त्याचा वेग सापडत नव्हता. ऑर्गन, ड्रम, गाणारा, सगळेच जीव खाऊन वाजवत होते. तो गेल्यावर राहिलेली पोकळी भरायला चौघांनी जी सवय लावून घेतली होती ती सुटेना. पोकळी भरली होती आणि वर हा एक माणूस जास्त! त्या गोंगाटात कुणीच कुणाला ऐकत नव्हतं.

मध्यंतरात मी स्टेजमागे गेले. प्रभाकरराव गिटारला खोळ चढवत होते.

"मी चूक पाठ केली, ताई," ते म्हणाले. "इतकी वर्षं लोकांना चूक ऐकवली. आता ज्याचं त्याने वाजवावं. मी सुटलो."

"सुटलात? तोंड बघा आरशात," मी म्हटलं. एवढ्यात विली सोड्याची बाटली घेऊन आला आणि समोरच्या खोक्यावर बसला.

"प्रभ्या, तिकडे तो हात वर का सरकवतोस रे?"

"तूच सरकवलास. तू जायच्या आधी घाटकोपरला. तुझा शेवटचा कार्यक्रम. मी शेजारी उभा राहून बघत होतो. एकेक सूर लक्षात ठेवला."

विलीने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! प्रभ्या, त्या दिवशी माझी बारीक तार तुटली होती! सूर तर गाठायचा होता, म्हणून दुसऱ्या तारेवरून घसरत गेलो. एरवी मी कधी असं वाजवलं?"

प्रभाकररावांचा चेहरा पांढरा पडला. पाच-सहा वर्षं देवासारखी पुजलेली ती जागा, आणि ती म्हणजे तुटक्या तारेची अडचण! मला ते बघवेना.

"तुटली ते फार बरं झालं!" मी म्हणाले. "तुमच्या अख्ख्या गाण्यात काळजाला लागावं असं तेवढंच आहे. बाकी नुसता दणदणाट. आणि तुम्ही एकदा नाइलाजाने केलंत ते, विली. ह्यांनी रोज मनापासून केलं. ते आता तुमचं राहिलं नाही."

विलीने वळून बघितलं. "प्रभ्या, या कोण?"

"माझी मेहुणी. शाळेत शिकवतात."

"म्हणून!" विली हसला. मग त्याने स्वतःची गिटार काढून प्रभाकररावांच्या मांडीवर ठेवली. "टीचर बरोबर बोलतात. मला दाखव, हात कसा सरकतो. मला येत नाही."

प्रभाकररावांनी तिला हात लावला नाही. "लोकांना तू हवास," ते म्हणाले.

"मला काय हवं ते कोण विचारणार? बोटीवर लोक जेवत असतात, यार. आपण असं वाजवायचं की त्यांचा घास अडकला नाही पाहिजे आणि कानही सुटला नाही पाहिजे. एवढं एकच शिकून आलोय मी. ते पुढे उभं राहून जमत नाही. मी मागे लेस्लीजवळ बसतो. पुढे तू. आणि ते वर सरकल्यावर परत खाली माझ्या रस्त्याने येऊ नकोस. माझा रस्ता तुला पुरे झाला."

"मग कुठे जाऊ?"

"ते मला काय ठाऊक?"

दुसऱ्या भागात विली ड्रमच्या बाजूला स्टुलावर बसला. लोकांनी ओरडून बघितलं, मग दमले. तो वाजवत होता तरी किती? जरासा ठोका, मग काही नाही, पुन्हा जरासा. पण त्याने डावा हात खाली दाबला की लेस्लीच्या काठ्या हलक्या व्हायच्या, ऑर्गन विरायचा, आणि त्या शांततेत फळ्यांवर नाचणाऱ्यांचे पाय ऐकू यायचे. हात वर झाला की सगळे मिळून असे उसळायचे की माझ्यासारखीचीही टाच जमिनीवर आपटायला लागली. तीच माणसं, तीच वाद्यं! चौघे एवढी वर्षं एका पट्टीत ओरडत होते, आता बोलायला लागले. मी थक्क झाले.

शेवटी लोकांनी ते पहिलं गाणं पुन्हा मागितलं. गिटारची जागा आली. विलीने हात दाबला, सगळे अगदी खाली उतरले. प्रभाकरराव चार पायऱ्या चढले आणि एका तारेवरून घसरत वर गेले. तिथे थांबले. इथून पुढचं त्यांना झोपेतही पाठ होतं. ते त्यांनी वाजवलं नाही. त्यांनी डोळे मिटले होते, कपाळावर घाम होता, आणि मला चक्क भीती वाटली की आता बोटं उचलतील आणि निघून जातील. मग एक सूर आला, चाचरत. दुसरा आला. विलीने मागून एक ठोका देऊन त्याला टेकू दिला. आणि ते निघाले. कुठे चाललेत ते त्यांनाही माहीत नव्हतं, आम्हालाही नाही. नाचणारे नाचायचे थांबून ऐकत उभे राहिले. मघाचाच तो पुढच्या रांगेतला पोरगा ओरडला, "प्रभ्याऽऽ!" मी रडले. सांगायला लाज कसली?

वेसाव्याचा समुद्र राहिला तो राहिलाच. मावशीकडे पार्ल्याला उभ्या उभ्या जाऊन आले. निघायच्या दिवशी कुसुम हायवेवर पोचवायला आली. प्रभाकररावांचं काय ठरलं, हे मी विचारलं नाही, कारण सकाळपासून दोन्ही गिटारी चिंचेखाली वाजत होत्या आणि अधूनमधून भांडणही ऐकू येत होतं. तुझं जास्त झालं, माझं कमी झालं, असलं झकास भांडण.

एसटी लांबून दिसली तेव्हा कुसुमचे डोळे भरून आले. मला वाटलं, मी जातेय म्हणून. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू जातेयस म्हणून नाही गं, ताई," ती म्हणाली. "पाच वर्षं झाली लग्नाला. ह्यांना मी परवा पहिल्यांदा ऐकलं."