मी उपास समजले ते

बाळांनो, तुमच्या धाकट्या काकांची मीनू इथे बुलढाण्याला माझ्याकडे राहून इंजिनिअरिंग शिकते, हे तुम्हाला माहीत आहे. ती सहा महिने कॉलेजला का गेली नाही, ते मी लपवले होते. लिहिताना स्वतःचीच लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी तिचे तीन विषय राहिले. "बाबांना सांगू नकोस," म्हणाली, तरी मी सांगितले. भिंतीवर अभ्यासाचे वेळापत्रकही मीच लावले. मग तिने शनिवारचे जेवण सोडले. पुढे इतर दिवशीही नावालाच खायची. पहाटे उठावे तर ही आधीच देवघरापुढे बसलेली, गप्प. मला वाटले, पोरीला बालाजीने ओढले. शेजारणींना कौतुकाने सांगितले, आणि परीक्षेसाठी नवस बोलायला तिला देऊळगाव राजाला बालाजीच्या देवळात नेले.

देवळाबाहेर नारळ घेताना मीनूने हातातले घड्याळ काढून नारळवालीपुढे ठेवले. "मावशी, तुमच्या मुलीला द्या. मला आता नाही लागणार."

बाईने घड्याळाला हात लावला नाही. "काऊन वं माय? तुले काऊन नाही लागणार?"

"उपास चालू आहेत तिचे," मी म्हणाले.

"आजी, उपासाच्या माणसाले साबुदाण्याची आठवण येते. हिले येते का? माह्या भावाचं असंच झालतं, कॉलेजातच होता. आम्ही म्हणलं, पोरगं शांत झालं. मंग ते हातचं गेलं." मीनूला जवळ बसवून तिने सरळ विचारले, "जीव द्यावा वाटते का तुले?"

मीनूने होकारार्थी मान हलवली. माझ्या हातातला नारळ तसाच राहिला.

"दर्शन राहू द्या. आधी दवाखाना. बालाजी कुठं पळून चालला?" म्हणत बाईने आम्हाला बसमध्ये बसवून दिले. त्याच दुपारी आम्ही मानसोपचाराच्या डॉक्टरांपुढे होतो.

औषधे चालू आहेत. वेळ लागेल म्हणतात. एखाद्या दिवशी ती उशीवरून डोकेही उचलत नाही. त्या बाईच्या तोंडून कोण बोलले, याचा मी वाद घालत नाही. नवस बोलायचा राहिला तो राहिलाच. देवापुढे आता एवढेच म्हणते, की मला कळत नाही, तूच बघ.

काल मीनू म्हणाली, "आजी, आज सगळंच नको वाटतंय." पूर्वी मी लगेच उपाय सांगितला असता. काल नुसता तिचा हात धरून बसले. तिने हे मला सांगितले, याबद्दल मनातल्या मनात हात जोडले.